चुन्याचा पट्टा

तिरोडीच्या मँगनीज खाणीत मी जन्मभर एकच काम केलं, दगड मोजण्याचं. मजूर बाया आणि गडी माल फोडायचे, निवडायचे आणि त्याचे चौकोनी ढीग रचायचे. त्या ढिगाला आम्ही चट्टा म्हणत असू. मी पट्टी घेऊन जायचो, लांबी-रुंदी-उंची घ्यायचो आणि शेवटी बादलीतला कालवलेला चुना कुंच्यानं त्या चट्ट्यावरून आडवा ओढायचो. एकदा पांढरा पट्टा पडला की चट्ट्याला कोणी हात लावायचा नाही, हा खाणीतला कायदा. एक गोटा जरी कोणी काढला तरी पट्टा तुटतो आणि ते लांबूनही दिसतं. दारू पिऊन साहेबाच्या अंगावर धावून जाणारे दांडगे लोकसुद्धा त्या पट्ट्याला वळसा घालून जाताना मी पाहिले आहेत. माणूस चुन्याला घाबरतो, अशी माझी पक्की समजूत झाली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते या समजुतीपायी झालं आणि माझ्याच हातानं झालं. दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायला मिळतं का ते मी पुष्कळ शोधलं. नाही मिळालं.

छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नवरा-बायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. घरातले देव मी स्वतः फडक्यात बांधून नदीत सोडले आणि त्या दिवसापासून जरा ताठच चालू लागलो. पुढच्या उन्हाळ्यात बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली. तिचं माहेर हट्ट्याकडचं, स्टेशनापासून पायी दीड-दोन तासांवरचं खेडं. तिरोडी आणि हट्टा एकाच जिल्ह्यात, पण रेल्वेनं जायचं तर आधी तुमसर, मग गोंदिया, मग तिथून छोट्या लाइनची गाडी. आपल्याच जिल्ह्यात जायला दुसऱ्या राज्यातून जावं लागायचं. सकाळी निघालेला माणूस दिवस मावळताना पोचला तर नशीब.

मुलगी झाल्याचं कार्ड मला पाचव्या दिवशी मिळालं. खाणीत महिनाअखेरची मोजणी चालू होती. मी साहेबाकडे सुट्टी मागितलीही नाही. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं असतं, तेव्हा जाऊ, आत्ता जाऊन काय पोरीच्या तोंडाकडे बघत बसायचं, असा विचार मी केला. अगदी याच शब्दांत केला, म्हणून तो विसरता येत नाही. बाजारातून लाल टोपडं घेतलं, बायकोला लुगडं घेतलं आणि अकराव्या दिवशी संध्याकाळी सासऱ्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. ओसरीत पाळणा दिसत नव्हता. सासरे बाहेर आले, त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाले, "परवा गेली. उन्हाचे दिवस, ठेवता नाही आली."

लहान पोर गेलं की आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. सासऱ्यांनीच फडक्यात गुंडाळून तिला नेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "चालता का? कुठं ठेवली ते दाखवतो." मी नाही म्हणालो. पंचवीस वर्षांचा होतो, डोळ्यांत पाणी आलेलं कोणाला दिसू नये याचीच धास्ती जास्त होती. वर आणखी त्यांना ऐकवलं, की गेली ती गेली, दगडमाती बघून काही परत येणार नाही. बायको आत बाजेवर होती आणि मधे फक्त एक कुडाची भिंत होती. तिनं सगळं ऐकलं. त्याच दिवशीच्या गाडीनं मी परत फिरलो, कारण मोजणी अर्धी राहिली होती.

मी माझ्या मुलीला पाहिलं नाही. तिची जागाही पाहिली नाही. नाव ठेवायचं राहिलं ते राहिलंच.

पुढं आम्हाला मूल झालं नाही. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी दोन वेळा तपासलं आणि दुसऱ्या वेळी त्यांनी बायकोला बाहेर बसवून मला सांगितलं. मी बायकोला काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. परतीच्या गाडीत तिनं डब्यातली भाकर काढून दिली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिली, तेवढ्यात सगळं बोलून झालं.

दरवर्षी धान कापून झाला की ती आठ दिवसांसाठी माहेरी जायची. कोणती लेक जात नाही? मी काही म्हणत नव्हतो. पण एका वर्षी माझा मेहुणा आमच्याकडे आला आणि जेवता जेवता सहज बोलून गेला, की बहीण गावात आली की आधी वाड्यांवर जाते, मग घरी येते. तुम्ही आणलेलं टोपडंही तिनं तिथंच गोट्याच्या बुडाशी ठेवलं आहे.

वाडे म्हणजे गवळ्यांचे वाडे. गावची गुरं जमतात त्या आखराच्या पलीकडे, पडीक माळावर मोठमोठ्या काळ्या दगडांचं एक रिंगण होतं. कोणे एके काळी गवळी राजे होते, त्यांनी गुरं कोंडायला हे दगड गोल मांडले, असं गावात जो तो सांगायचा. त्यात काही खरं नाही हे मला पुढं एका मास्तरांकडून कळलं. ते म्हणाले, ही हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची पुरण्याची जागा असते, मधे मेलेला माणूस आणि भोवती दगड. गावाला हे ठाऊक नव्हतं. तरी गावानं जागा बरोबर त्याच कामाला लावली होती. त्या माळावर कोणाचा नांगर चालत नव्हता, म्हणून कधीतरी आमच्या वस्तीला तो मुडदे पुरायला दिला. मोठी माणसं रिंगणाच्या बाहेर आणि दुधातली पोरं रिंगणाच्या दगडांपाशी, एकेका दगडाच्या पायथ्याला एकेक. त्या दिवसापासून तो दगड त्या पोराचा. वस्तीतल्या बायका शेतावर जाता-येता "हा माह्या थोरल्याचा", "हा जावेच्या पोराचा" असं ओळखीच्या घरांसारखं दाखवायच्या. हट्ट्याची बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, राजाची, ती बघायला लांबून लोक यायचे. वाड्यांकडे गावातलेही येत नव्हते, आमच्यामुळे त्यांना तो माळ विटाळलेला होता.

मेहुण्याचं बोलणं ऐकून माझं डोकं फिरलं. तो गेल्यावर मी बायकोला धारेवर धरलं. "काहून जाते तिकडं? दगडं पुजाचे नाहीत, हे किती खेपा सांगू तुले? प्रतिज्ञा काय नुसती तोंडानं म्हटली होती?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी पुजाले नाही जात. भेटाले जातो."

"कोणाले? गोट्याले?"

"तुमच्या प्रतिज्ञेत पुजू नका म्हणून आहे. भेटू नका म्हणून कुठं आहे, दाखवा."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण मी तेवढा शहाणा कुठला. शब्द हरलो की माणूस हुकूम काढतो, तसा मी काढला. जायचं नाही. आणि खरोखरच मी तिला जाऊ दिलं नाही. चार वर्षं. धान कापणीचे दिवस आले की ती गप्प व्हायची, भाजीत मीठ घालायला विसरायची, आणि मी ते अळणी जेवण मुकाट्यानं खायचो. माझंच बरोबर आहे असं मी स्वतःला रोज सांगत होतो. रोज सांगावं लागत होतं, यावरून तरी मला कळायला हवं होतं.

मग सासरे वारले. आम्ही दोघं गेलो. सगळं आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "एक डाव चला माह्यासंगं. मी तेथं काय करतो ते तुमी आपल्या डोयानं पाहा. मंग म्हना पूजा करते म्हणून."

मेलेल्या माणसाच्या घरात भांडण नको म्हणून मी निघालो.

माळ लांबूनच दिसत होता. मोहाची दोन झाडं आणि त्यांच्यापलीकडे ते दगड, कोणी कमरेइतका, कोणी गुडघ्याइतका, काही अर्धे मातीत गेलेले. मी चालता चालता मोजले. सवय. तेवीस होते. रिंगण एवढं मोठं की या टोकाच्या माणसाला त्या टोकाच्याशी बोलायचं तर हाक मारावी लागेल. आत गवत वाढलेलं होतं आणि मधे जरा उंचवटा होता. बायको इकडं-तिकडं न बघता मोहाच्या झाडापासून डावीकडे गेली आणि एका दगडाशी थांबली. तो दगड पुढून खोलगट होता. मांडी घालून बसलेल्या बाईची मांडी असते, तसा.

ती खाली बसली, दगडाला पाठ टेकली आणि पाय लांब केले. लुगड्याला चिकटलेली कुसळं काढू लागली. कुसळं काढता काढता बोलत होती. आजोबा गेले, म्हणाली. मामीनं गाय घेतली, म्हणाली. इतके दिवस येता आलं नाही, म्हणाली, पण का ते सांगितलं नाही. मी समोरच उभा होतो, तरी माझं नाव तिनं घेतलं नाही. नमस्कार नाही, हळद नाही, फूल नाही. अर्ध्या तासानं ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "झालं. चला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढंसं होतं ते, आणि एवढ्यासाठी मी चार वर्षं तिला कोंडून ठेवलं होतं. मी दगडाला हात लावला. ऊन खाऊन तो तापलेला होता. तळहात बराच वेळ तसाच ठेवला आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की आपल्याला एक मुलगी होती. इतकी वर्षं मी 'ते मूल' म्हणत होतो.

निघताना मला दिसलं, की दोन दगडांच्या मधे एक जागा रिकामी आहे. खड्डा होता आणि खड्ड्यातली माती ताजी होती. बायकोनंही पाहिलं. तिचा चेहरा एकदम उतरला.

घरी आल्यावर मेहुण्यानं सांगितलं. लांजीकडे पक्का रस्ता होऊन राहिला होता. ठेकेदाराला गिट्टीसाठी कठीण दगड हवा होता. गावच्या पटेलानं आपल्या शेतांच्या धुऱ्यांवरचे, म्हणजे बांधांवरचे, दगड त्याला दिले होते. त्याची माणसं बैलगाडी घेऊन फिरत होती आणि वाटेत वाड्यांवरचाही एक उचलून गेली होती. मेहुणा पटेलाकडे गेला तर पटेल म्हणाला, "अरे, तो गोटा कोणाच्या बापाचा आहे का?" मेहुणा मान खाली घालून परत आला.

बायकोनं मला ओसरीच्या कोपऱ्यात गाठलं. माझ्याकडे तिनं काही मागितलं असं आमच्या संसारात फार थोड्या वेळा झालं. तेव्हा तिनं मागितलं. "तुमी शिकलेले आहा. खाणीत सायेबाबरोबर राह्यता. काहीतरी करा. तिचा गोटा नाही गेला पाह्यजे."

अर्ज करायला हवा होता. तहसिलीत जायला हवं होतं, निदान त्या ठेकेदाराला गाठून चार शब्द बोलायला हवं होतं. हे सगळं आज सुचतं. तेव्हा मला एकच सुचलं, आणि ते सुचल्याबरोबर मला इतकं बरं वाटलं, की मी हसलोसुद्धा. म्हणालो, "इतकंच ना? हे तर माझ्या हातचं काम आहे."

हट्ट्याच्या बाजारातून चुना आणला. मडक्यात भिजवला, चांगला फुगू दिला आणि शिंदीच्या फांदीचं टोक ठेचून कुंचा केला. दुपारी आम्ही दोघं मडकं घेऊन वाड्यांवर गेलो. मी खाणीत ओढतो तसा सरळ, हातभर रुंद पट्टा त्या दगडाच्या चहूबाजूंनी ओढला. दोन हात दिले, म्हणजे पावसात धुपला तरी राहील. मागं सरकून पाहिलं. काळ्या दगडावर तो पट्टा असा उठून दिसत होता, की पार आखरावरून दिसावा. मी बायकोला म्हणालो, "आता लागला पट्टा. आता हात लावायची कोणाच्या बापाची टाप नाही."

"खरंच?"

"खाणीत जाऊन विचार कोणालेही. चुना पडला म्हणजे मोजलेला माल. मोजलेल्या मालाले कोणी शिवत नाही."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही तसं पाहिलं नव्हतं. त्या नजरेनं मी फुगलो. खोटं कशाला बोलू, फार फुगलो.

वस्तीत बातमी जायला काय वेळ लागतो! मडकं घेऊन परत यायला निघालो तर चार बाया माळावरच आल्या. सगळ्यांत पुढं एक म्हातारी होती, काठी टेकत आलेली. ती म्हणाली, "जवाईबापू, माह्याही पोराच्या गोट्याले मारून द्या ना. चाळीस वर्षं झाले त्याले. तो कोणाचाच नाही राह्यला, मीच एक आहो."

मी त्या म्हातारीच्या दगडाला पट्टा ओढला. मग दुसरीच्या, तिसरीच्या, चौथीच्या. मडक्यातला चुना संपेपर्यंत ओढला. पाच दगड झाले. एका बाईनं "जरा रुंद मारा" म्हटलं तर तिला रुंद मारून दिला. म्हातारीनं माझ्या कपाळावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा ही म्हण मला माहीत होती, पण ती दुसऱ्यांसाठी असते असं वाटायचं.

त्यानंतरचं एक वर्ष आमच्या घरातलं सगळ्यांत सुखाचं वर्ष होतं. हे लिहायला मला लाज वाटते, पण ते होतं. बायको शेजारणींना सांगायची, आमच्या ह्यांनी तिकडं पट्टा मारला म्हणून. संध्याकाळी मी खाणीवरून आलो की माझ्या बोटांना लागलेला चुना ती खोबरेल लावून काढायची, चुन्यानं कातडी फाटते म्हणून. इतकी वर्षं मी चुना मारत होतो, पण त्याआधी तिनं कधी माझी बोटं हातात घेतली नव्हती. धान कापणीला महिना होता तेव्हापासूनच तिची बांधाबांध सुरू झाली. मी सुट्टी मागितली. न मागता मागितली, असं म्हणायला हवं, कारण साहेब नाही म्हणाला असता तरी मी गेलो असतो.

हट्ट्याच्या स्टेशनावर उतरलो. वाटेत बावडीशी थांबून पाणी प्यालो. ती म्हणाली, आधी वाड्यांवर जाऊ, मग घरी. मी हो म्हणालो.

मोहाची झाडं दिसली. मी तिच्या पुढं चालत होतो आणि माझी नजर पट्टा शोधत होती. काळे दगड होते, गवत होतं, पट्टा कुठं दिसत नव्हता. मला वाटलं, पावसानं धुतला. चुना कमी पडला असेल. जवळ गेलो तसं ध्यानात आलं, की दगड आहेत, पण त्यांच्यामधे जागा आहेत. पाच नव्या जागा. मोजायची गरजच नव्हती, तरी मी मोजल्या. डावीकडे खोलगट दगड होता तिथं खड्डा होता आणि त्यात पावसाचं पाणी साचून वाळलेला गाळ होता. म्हातारीच्या दगडाची जागा खणलेली होती. ज्यांना मी हात लावला नव्हता ते अठरा दगड जिथल्या तिथं उभे होते, एकही हललेला नव्हता.

बायको त्या खड्ड्याजवळ बसली नाही. उभीच राहिली. मी काहीतरी बोललो, "थांब, मी विचारून येतो" किंवा असंच काही, आणि तिला तिथं सोडून रस्त्याच्या बाजूनं जवळजवळ पळतच सुटलो.

रस्त्याचं काम माळापासून लांब नव्हतं. कडेला बाया गिट्टी फोडत बसल्या होत्या आणि ठेकेदाराचा मुकादम छत्री उघडून उभा होता. परप्रांतातला, हिंदी बोलणारा माणूस. मी त्याच्यावर ओरडलो. वाड्यांवरचे दगड कोणाला विचारून उचलले, तिथं आमची पोरं पुरलेली आहेत, तुला माणूस म्हणायचं का! जे तोंडाला आलं ते बोललो. तो शांतपणे ऐकून घेत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "नाराज क्यों होते हो भाई? पिछले साल एक गलती से उठ गया था, तब पटेल ने कहा, चूने का निशान देख के उठाना. उसके खेत में भी ऐसा ही निशान लगाया था हमने. वहाँ जो चूने वाला दिखा, वही उठाया. उसके बाद बिना चूने का एक भी छुआ हो तो बताओ."

त्याचं काही खोटं नव्हतं. खाणीत चुना म्हणजे हात लावू नका. रस्त्याच्या कामावर चुना म्हणजे हा उचला. एवढं साधं होतं, आणि दगडांमधे जन्म काढलेल्या मला ते माहीत नव्हतं. मी पट्टे ओढले नसते तर सगळेच्या सगळे वाचले असते. त्यांना आपल्या हातानं निवडून, रुंद रुंद खुणा करून मी रस्त्यावर पाठवलं होतं.

मागं वळून पाहिलं तर बायको उभी होती. केव्हा आली कोण जाणे. तिला हिंदी माझ्यापेक्षा चांगली समजायची. तिनं सगळं ऐकलेलं होतं.

आम्ही वस्तीत गेलो. मला वाटलं होतं, बाया मला शिव्या देतील, निदान ती म्हातारी तरी काठी उगारेल. मी मनानं तयार होतो, खरं तर मला ते हवं होतं. म्हातारी दारात बसली होती. तिला सगळं कधीच कळलं होतं, आम्हाला कळवायला मात्र कोणाचं मन झालं नव्हतं. मला पाहून ती जरा सरकली, बसायला जागा दिली आणि म्हणाली, "तुमी तं भल्यासाठीच केलं, जवाईबापू. आमचंच नशीब. जे आमच्याकडं असते ते जातेच." आणि आत वळून सुनेला चहा ठेवायला सांगितलं. तो चहा मी कसा प्यालो ते मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चला."

"कुठं?"

"रस्त्यावर."

रस्त्याच्या दोन्ही कडांना गिट्टीचे चौकोनी ढीग रचलेले होते. आमच्या खाणीत असतात तसेच, वर सपाट, कडा सरळ. मोजणी झालेली होती, कारण प्रत्येक ढिगावरून चुन्याचा पट्टा गेलेला होता. त्या पट्ट्यापुरतं तरी त्यांचं आणि आमचं सारखंच निघालं. पण माझा चुना कोणता आणि त्यांचा कोणता, हे आता कोणाच्या बापाला ओळखता येणार नव्हतं. बायको एकेका ढिगाशी थांबत पुढं चालली. मी मागून. माळाच्या समोर आलो तेव्हा ती उभी राहिली.

"तुमी रोज गोटे ओळखता," ती म्हणाली. "हा अमक्या खड्ड्यातला, हा तमक्या खड्ड्यातला, नुसता पाहून सांगता ना खाणीत?"

"हौ."

"मंग तिचा ओळखून द्या. एक तुकडा द्या. मले जास्त नको."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. ती खरोखर मागत होती, दुकानात वस्तू मागावी तसं. मी ढिगाशी वाकलो. काळे तुकडे, सगळे मुठीएवढे, सगळे ताज्या धारेचे. मी एक उचलला, उलटा केला, खाली ठेवला. दुसरा उचलला. माझं आयुष्य दगड ओळखण्यात गेलं होतं आणि मला काहीही ओळखू येत नव्हतं. गिट्टी फोडणाऱ्या बाया हात थांबवून आमच्याकडे बघत होत्या. शेवटी एका तुकड्याच्या बाजूला जरासा खोलगटपणा दिसला. तो पुसला, तळहातावर ठेवला आणि तिच्यापुढे धरला.

"हा," मी म्हणालो. "हा तिचाच आहे."

तिनं तो घेतला. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून बराच वेळ पाहिला. मग वाकून, कड मोडणार नाही अशा बेतानं, तो ढिगात जिथून मी काढला होता तिथंच परत बसवला.

"नाही," ती म्हणाली. "हा नाही. आन तुमाले कसा ओळखू येईन? तुमी तिले पाह्यलंच नाही."

आम्ही दुपारच्या गाडीनं निघालो. त्यानंतर ती कधी माहेरी गेली नाही. मी जा म्हणायचो, दरवर्षी म्हणायचो, तिकीट काढून आणायचो. ती तिकीट डब्यावर ठेवायची आणि म्हणायची, "कोणाले भेटाले जाऊ?"